वाचकांचे प्रश्न : मायक्रोआरएनए आणि अक्षतंतूची वाट

प्रश्न : डोळ्याकडून मेंदूकडे वाढणाऱ्या अक्षतंतूंना, म्हणजे चेतापेशींच्या लांब धाग्यांना, मायक्रोआरएनए वाट दाखवतो, असे वाचले. जेमतेम 22 न्यूक्लिओटाइडांचा हा रेणू दिशा कशी ठरवतो?

उत्तर : मायक्रोआरएनए हा प्रथिनांच्या निर्मितीला आवर घालणारा छोटा आरएनए; दिशा तो ठरवत नाही. दिशेच्या खुणा बाहेर असतात. अक्षतंतूच्या वाढत्या टोकाला, म्हणजे ग्रोथ कोनला, वाटेत नेट्रिन, स्लिट, सेमाफोरिन अशी प्रथिने भेटतात. कुणी ओढते, कुणी दूर लोटते. ती खूण टोकाला कधी जाणवावी आणि जाणवल्यावर तिथे कोणते प्रथिन किती बनावे, एवढे मायक्रोआरएनएच्या हाती असते. मात्र हे ‘एवढे’ फार मोठे आहे.

झेनोपस बेडकाच्या दृष्टिपटलातून निघालेल्या कोवळ्या अक्षतंतूंना सेमाफोरिन-3ए आधी जाणवतच नाही. ते ओळखणारा ग्राही, न्यूरोपिलिन-1, कोरेस्ट या प्रथिनाने दाबून ठेवलेला असतो. मायक्रोआरएनए-124 कोरेस्टला आवर घालतो, मग न्यूरोपिलिन वाढते आणि टोक सेमाफोरिनला प्रतिसाद देऊ लागते. 124 काढून घेतला की ही जाण उशिरा येते आणि काही अक्षतंतू वाट सोडतात.

दुसरी रीत थेट टोकातच चालते, आणि खरी नवलाई तिथे आहे. पेशीचे केंद्रक दूर असते. तिथून प्रथिन मागवत बसले तर वळणाची वेळ टळून जाईल. म्हणून कोफिलिन-1 या प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए, म्हणजे ते बनवण्याची सूचना वाहणारा रेणू, टोकात तयार ठेवलेला असतो, मायक्रोआरएनए-182 ने धरून ठेवलेला. स्लिट-2 भेटले की 182 ची पकड सुटते. तो रेणू नष्ट होत नाही, फक्त त्याचा दाब उठतो. कोफिलिन बनते, टोकाच्या सांगाड्यातले अॅक्टिनचे धागे नव्याने मांडले जातात आणि टोक वळते. मायक्रोआरएनए-181ए-1 ची गोष्ट उलटी आहे. त्याचे अर्धवट रूप लायसोसोमसारख्या पुटिकांवर (पेशीतल्या सूक्ष्म पिशव्यांवर) बसून टोकापर्यंत येते, सेमाफोरिन-3ए मिळाल्यावरच डायसर हे विकर त्याला कापून पक्का करते, आणि मग तो पेशीच्या सांगाड्यातल्या एका प्रथिनाची, एका ट्युब्युलिनची, निर्मिती थोपवतो.

प्रश्न : अक्षतंतूच्या नमुन्यात मायक्रोआरएनए सापडला, पण शोधनिबंधाच्या परीक्षकांना तो पेशीदेहातून (केंद्रक असलेल्या मुख्य भागातून) आला असावा असे वाटते. काय करावे?

उत्तर : शंका रास्त आहे. पेशीदेह आणि अक्षतंतू वेगळे ठेवणारे, सूक्ष्म खाचांचे भांडे वापरा. खाचा 450 मायक्रोमीटर लांब असाव्यात. आखूड खाचांतून डेंड्राइट, म्हणजे पेशीच्या आखूड शाखाही पलीकडे पोचतात. नमुन्यात बीटा-अॅक्टिनचा संदेशवाहक आरएनए मिळायला हवा, गॅमा-अॅक्टिनचा मिळता कामा नये. गॅमा दिसला तर तो नमुना टाकून द्या. पुढे मायक्रोआरएनएला अडवणारा रोधक रेणू फक्त अक्षतंतूंच्या बाजूला घाला, आणि त्या बाजूची द्रवपातळी किंचित कमी ठेवा म्हणजे तो पेशीदेहाकडे झिरपणार नाही. कृत्रिम मायक्रोआरएनए बेसुमार घालू नका: तो मायक्रोआरएनएला कामासाठी लागणारी आर्गोनॉट प्रथिने अडवून बसतो, बाकीचे मायक्रोआरएनए निकामी होतात आणि दिसलेला परिणाम नेमका कोणामुळे झाला हे सांगता येत नाही. लक्ष्य-आरएनएवर जिथे मायक्रोआरएनएची 2 ते 8 ही अक्षरे जुळतात, ती जागा बदलून तोच प्रयोग पुन्हा करा. परिणाम नाहीसा झाला तरच संबंध थेट आहे.