फुप्फुसात पाणी की फुप्फुसाभोवती?

प्रश्न असा आला आहे : 'आजोबांच्या फुप्फुसात पाणी झालंय असं घरात सगळे म्हणतात. डॉक्टरांनी मात्र फुप्फुसाभोवती पाणी आहे असं सांगितलं. बरोबर मराठी कोणतं? आणि तिथे पोकळी असते का?'

मराठी म्हणून दोन्ही बरोबर आहेत, पण ते दोन वेगळे विकार आहेत. फुप्फुसावर दुपदरी पातळ पडदा असतो. ग्रंथांत त्याला परिफुप्फुस म्हणतात, मला फुप्फुसावरण जास्त आवडतं. एक पदर फुप्फुसाला चिकटलेला, दुसरा बरगड्यांना आतून. श्वासागणिक ते एकमेकांवर अलगद सरकावेत म्हणून मधे 10-20 मिलिलिटर, म्हणजे दोन-चार चमचे द्रव असतो. क्षयात, न्यूमोनियात, कधी कर्करोगात तो लिटरभरही साठतो आणि फुप्फुस दाबलं जातं. हे झालं भोवतीचं पाणी. हृदय थकलं की द्रव थेट वायुकोशांत झिरपू शकतो. खरं 'फुप्फुसात पाणी' ते. भोवतीचं पाणी बरगड्यांमधून सुई घालून काढता येतं. आतलं तसं काढता येत नाही, त्याला लघवी वाढवणारी औषधं लागतात. म्हणून आजोबांबद्दल बोलताना 'भोवती'च म्हणा. सुई फुप्फुसात खुपसणार ही घरच्यांची धास्तीही त्याने कमी होईल.

'पाणी होणं' हा प्रयोग मात्र सोडू नका. गळू होतं, जखमेत पू होतो, तसं पाणी 'होतं'. ते शरीरातूनच आलेलं असतं हे त्या क्रियापदात आहे. प्यायलेलं पाणी वाट चुकून तिकडे जात नाही, रक्तातला द्रव बारीक वाहिन्यांतून झिरपतो. त्यात प्रथिनं असतात आणि रंग बहुधा गवती पिवळा असतो.

पोटातल्या पाण्याला आपल्याकडे जुना, नेमका शब्द आहे : जलोदर. सुश्रुतसंहितेत तो दकोदर म्हणूनही येतो. 'दक' म्हणजे उदकच, आरंभीचा उ गळालेलं. नाभीखाली डावीकडे छिद्र पाडून नळीने पाणी काढावं, पण सगळं एका दिवसात काढू नये, असं तिथे बजावलं आहे. ऐतरेय ब्राह्मणात वरुणाला दिलेला शब्द न पाळणाऱ्या हरिश्चंद्राचं पोट फुगतं. जलदेवतेचा कोप, म्हणून पोटाचा रोग!

आता पोकळी. उदरगुहा, वक्षगुहा हे शब्द त्या सबंध भागासाठी ठीक आहेत, जरी तिथे अवयव खच्चून भरलेले असले तरी. पडद्याच्या दोन पदरांमधल्या जागेला मात्र मी पोकळी म्हणणार नाही. निरोगी माणसात ते पदर एकमेकांना टेकलेलेच असतात; ओल्या काचेवर दुसरी काच ठेवावी तसे. पाणी झालं की मगच तिथे जागा तयार होते. 'दोन पदरांच्या मधे' एवढंच म्हटलं तरी आजीलाही कळेल.