‘आमच्याकडे असंच चालत आलंय’: ख्रिस्ती मंडळीतील बदलांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: उपासनेचा क्रम बदलण्याचा ठराव आमच्या वार्षिक सभेत 34 विरुद्ध 31 मतांनी मंजूर झाला. सगळे नियमाप्रमाणेच झाले, तरी काही कुटुंबांनी येणेच बंद केले. चूक कुठे झाली? – एक मंडळीपंच

उत्तर: चूक मतदानात नाही, मतदानाच्या आधी जे राहून गेले त्यात आहे. छताची दुरुस्ती किंवा हिशेबतपासनिसाची नेमणूक साध्या बहुमताने करता येते. उपासनेचे तसे नसते. हरलेल्या 31 जणांना पुढच्या रविवारी तिथेच बसून, न पटलेल्या क्रमाने, मनापासून प्रार्थना करायची असते.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा 15 वा अध्याय सभेची कार्यपद्धती म्हणून वाचून पाहा. परराष्ट्रीय (यहूदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांची सुंता करावी की नाही, हा त्या काळातला सर्वांत मोठा वाद होता. आधी पुष्कळ वादविवाद होऊ दिला. मग पेत्राने घडलेले सांगितले, बर्णबा व पौल यांनी आपला अनुभव सांगितला आणि लोकांनी शांतपणे ऐकून घेतले. याकोबाने शास्त्रातला आधार दिला. निर्णयही एकतर्फी नव्हता: सुंतेची सक्ती नाही, पण यहूदी बांधवांना ठेच लागू नये म्हणून परराष्ट्रीयांनी चार गोष्टी वर्ज्य कराव्यात. तो लेखी पाठवला आणि पत्राबरोबर यहूदा बर्सब्बा व सीला यांनाही पाठवले, कारण कागद शंकांना उत्तर देत नाही.

तुमच्याकडे पुढे असा विषय आला तर आधी मंडळीची घटना (नियमावली) उघडून पाहा. उपासनेचा क्रम बदलण्याचा अधिकार पंचांचा, पाळकांचा की बिशपांचा, हे परंपरेनुसार वेगळे असते, आणि ज्यावर मत घ्यायचा अधिकारच नाही त्यावर मत घेऊन पुष्कळ भांडणे ओढवून घेतली जातात. मग एका पानाचे निवेदन काढा. काय बदलणार, का, खर्च किती, प्रयोग किती दिवस, शेवटचा निर्णय कोण घेणार आणि काय तसेच राहणार, एवढे त्यात असावे. शेवटचा मुद्दा हमखास सुटतो, आणि आमच्या मते सगळ्यांत जास्त काम तोच करतो. बदल कुठे थांबणार हे ज्याला ठाऊक नाही, त्याला सगळेच जाणार असे वाटते.

चर्चेची सभा आणि मतदानाची सभा वेगळी ठेवा, मध्ये किमान चार आठवडे जाऊ द्या. त्या काळात पंचांनी दोघादोघांनी घरोघरी जावे, आधी विरोधकांकडे. त्यांचे आक्षेप लिहून घ्यावेत आणि दुसऱ्या सभेत अशा शब्दांत वाचून दाखवावेत की आक्षेप घेणारा म्हणेल, “हो, मला हेच म्हणायचं होतं.” नियमाने साधे बहुमत पुरत असले तरी दोन-तृतीयांश पाठिंबा नसेल तर अंमलबजावणी थांबवावी.

आता जे घडून गेले आहे त्यासाठी: ठराव तीन महिने स्थगित करा, आणि तसे व्यासपीठावरून जाहीर करा. न येणाऱ्यांकडे जाल तेव्हा “का येत नाही?” असे विचारू नका; “तुमचं काय हरवलं?” असे विचारा. उत्तर बहुधा ठरावाएवढे मोठे नसते. एकत्र म्हणायची पापांगिकाराची प्रार्थना गेली, आजाऱ्यांची नावे घेणे बंद झाले, प्रभुभोजनानंतरची शांतता संपली. यांतले बरेचसे नव्या क्रमातही परत आणता येते.

प्रश्न: नवी गीते सुरू केली की अर्धे लोक तोंड मिटून बसतात. पडद्यावर शब्द दाखवूनही उपयोग नाही. हा हट्ट म्हणायचा का? – गायकवृंदातील एक वाचक

उत्तर: हट्ट म्हणण्याआधी त्यांना ते गीत गाता येते का, हे पाहा. 1720 च्या दशकात न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांत स्वरलिपीवरून गाण्याबद्दल कडाक्याचे वाद झाले. लोकांना कानाने शिकलेल्या, एकेक ओळ पुढाऱ्यामागून म्हणण्याच्या पद्धतीची सवय होती. पुस्तकातून गाणे त्यांना परके वाटले. तिथे युक्तिवादाइतकेच काम गायनवर्गांनी केले. लोकांना शिकवले, आणि शिकलेले लोक गाऊ लागले.

महिन्याला एकच नवे गीत घ्या. पहिल्या रविवारी उपासनेआधी फक्त चाल वाजवा, दुसऱ्या रविवारी गायकवृंद गाईल, तिसऱ्या रविवारी लोक ध्रुवपद म्हणतील, चौथ्या रविवारी सगळे गीत. पुढचे दोन महिने ते अधूनमधून येत राहू द्या. एकदा गाऊन सोडून दिलेले गीत कुणाचेच होत नाही. नव्या गीताच्या आधी आणि नंतर सगळ्यांना पाठ असलेली गीते ठेवा.

पट्टी तपासा. ध्वनिमुद्रणातला गायक उंच गातो, आणि मंडळी तशीच पट्टी उचलते. सर्वसाधारण लोकांसाठी वरचा स्वर मधल्या ‘सी’च्या पुढच्या सप्तकातल्या ‘डी’पर्यंत असावा, त्यापलीकडे पुरुषांचे आवाज गळतात आणि मग बायकाही थांबतात. ध्वनिक्षेपकही तपासा. माणसाला स्वतःचा आणि शेजारच्याचा आवाज ऐकू आला नाही तर तो ऐकणारा होतो, गाणारा राहत नाही. दर गीताचे एक कडवे वाद्यांशिवाय घेऊन बघा, किती जण गातात ते कळेल.

पडद्यावर एका वेळी चार ते सहा ओळी, आणि शेवटचे दोन शब्द उरले असतानाच पुढचे पान. छापील पुस्तके मात्र काढू नका. मान वर करता न येणाऱ्यांसाठी 18 पॉइंट अक्षरांच्या काही प्रती ठेवा. पुस्तक हातात असले की लोक कडवे पुढे-मागे वाचतात, घरी नेतात, मरणघरी त्यातूनच गातात. पडदा हे करू शकत नाही.

प्रश्न: प्रभुभोजनात एका प्याल्याऐवजी छोटे प्याले आणायचे आहेत. काही वृद्ध म्हणतात, मग ते प्रभुभोजनच राहणार नाही. – एक पाळक

उत्तर: त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. 1 करिंथ 10 मध्ये पौल एका भाकरीवरून एका शरीराबद्दल बोलतो, आणि एकच प्याला हे त्याचे डोळ्यांना दिसणारे रूप आहे. छोटे प्याले 1890 च्या दशकात अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत पसरले ते रोगजंतूंच्या भीतीने. तेव्हाही हाच आक्षेप आला होता. ज्या परंपरांत प्याला कसा द्यायचा हे वरून ठरलेले आहे, तिथे हा निर्णय स्थानिक मंडळीचा नाही, हेही लक्षात असू द्या.

बदल करायचाच असेल तर एकतेची खूण दुसरीकडे जपा. भाकरी एकच ठेवा आणि ती लोकांसमोर मोडा. द्राक्षरस मोठ्या प्याल्यात ओतून त्यावर आशीर्वाद मागा, मगच छोटे प्याले वाटा, आणि सगळ्यांनी एकाच वेळी प्या.

व्यवहाराचे बघायचे तर एका छोट्या प्याल्यात साधारण 10 मिलिलिटर मावते. तो दोन-तृतीयांशच भरा, नाहीतर तबक हातोहात जाताना सांडते. म्हणजे 60 लोकांना सुमारे 400 मिलिलिटर. थोडा जास्त धरून अर्धा लिटर. नेहमीच्या तबकात 40 प्याले बसतात, आणि भरलेले तबक थरथरत्या हातांना जड होते. त्यामुळे वृद्धांच्या रांगेत पंचांनी स्वतः तबक धरावे. काचेचे प्याले गरम पाण्यात धुण्यासाठी माणसे आधी ठरवा. ते काम दरवेळी त्याच दोन बायकांवर पडते आणि वर्षभरात त्या कंटाळतात. उरलेल्या रसाचे काय करायचे हेही आधी ठरवून सांगा. मोरीत ओतलेला पाहून ज्यांचे मन दुखावते त्यांची समजूत मागाहून पटत नाही.

भाकरी प्याल्यात बुडवून घेणे हा मधला मार्ग म्हणून सुचवला जातो. पण बुडवताना बोटे रसाला लागतात, त्यामुळे स्वच्छतेसाठी तो निवडत असाल तर फारसे काही साधत नाही.

प्रश्न: मी सत्तरी ओलांडली आहे. मी बऱ्याच बदलांना विरोध करतो, म्हणून माझ्यात विश्वास कमी आहे असे मला बोलून दाखवले जाते. विरोध करणे पाप आहे का? – एक ज्येष्ठ वाचक

उत्तर: नाही. तुम्हाला तसे बोलणाऱ्यांनी तुमच्यावर अन्याय केला आहे. यरुशलेमेत नव्या मंदिराचा पाया घातला तेव्हा पुष्कळांनी आनंदाने गजर केला, आणि जुने मंदिर पाहिलेले वृद्ध मोठ्याने रडले. एज्रा 3:12-13 मध्ये त्या रडण्याला कुठेही दोष दिलेला नाही.

शिवाय काही वेळा विरोध हेच कर्तव्य असते. मे 1934 मध्ये जर्मनीतल्या बार्मेन इथे जमलेल्या मंडळ्यांनी नाझी विचार चर्चमध्ये घुसवणाऱ्यांना ठाम नकार दिला. तेव्हा ‘काळाप्रमाणे बदला’ असे म्हणणारे चुकीचे होते आणि नाही म्हणणारे बरोबर होते.

म्हणून आपल्या विरोधाला तपासून बघा. ज्याला विरोध करता आहात त्याने ख्रिस्ताबद्दलची कबुली बदलते का? बदलत असेल तर निराळी सुवार्ता नाकारायला सांगणारे गलती. 1:8 तुमच्या बाजूने आहे. शेजाऱ्यावर अन्याय होतो का? तरीही ठाम राहा. हे दोन्ही नसेल, तर रोम. 14 पुढे आहे. तिथे पौल खाण्यापिण्याबद्दल आणि दिवस पाळण्याबद्दल दोन्ही बाजूंना सांगतो: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. पितळेचा साप देवाच्याच आज्ञेवरून मोशेने केला होता, तरी लोक त्याला धूप जाळू लागले तेव्हा हिज्कीयाने तो फोडला (2 राजे 18:4). देवाने दिलेली वस्तूही देवाच्या जागी बसू शकते.

सभेत बोलाल तेव्हा “हे नको” याच्या जोडीला “मला यात हे जपायचं आहे” असे सांगा. पहिल्यावर फक्त मत घेता येते, दुसऱ्यावर बोलणे सुरू होते.

प्रश्न: वडीलधारे बाह्य गोष्टींनाच धरून बसतात. खुणा आणि पद्धती यांना एवढे महत्त्व कशाला? – तरुण संघातील एक सभासद

उत्तर: कारण त्या खुणांत त्यांचा विश्वास साठलेला असतो. 1653 पासून रशियात पॅट्रिआर्क (चर्चप्रमुख) निकोन यांनी दोन बोटांऐवजी तीन बोटांनी क्रूसाची खूण करायला लावले. दोन बोटे म्हणजे ख्रिस्ताचे दोन स्वभाव, तीन म्हणजे त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा). दोन्ही अर्थ खरे. पण 1666-67 च्या सभेने जुनी पद्धत धरणाऱ्यांना शाप दिला, त्यांचा छळ झाला आणि चर्च दुभंगले. मॉस्कोच्या चर्चने ते शाप मागे घेतले 1971 मध्ये.

तुमच्या बाजूचेही एक खरे आहे. ‘पहिल्यापासून’ म्हणतात त्यातल्या बऱ्याच गोष्टींना तारीख असते. पहिली हजार वर्षे लोक बहुधा उभे राहूनच उपासना करत. मंदिरभर बाके नंतरच्या शतकांत आली. 1780 मध्ये ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी संडे स्कूल सुरू केले, तेव्हा हा पवित्र दिवसाचा भंग आहे असा आक्षेप निघाला होता. हे वडीलधाऱ्यांना जिंकण्यासाठी वापरू नका. एकत्र बसून आपल्या मंडळीच्या चालीरीती कधी आणि का सुरू झाल्या ते लिहून काढा. त्यांना त्यातले निम्मे तरी आठवत असते, आणि ते तुम्हाला त्यांच्याकडूनच कळेल.

प्रश्न: ‘प्रयोग म्हणून’ सुरू केलेला बदल कधीच मागे घेतला जात नाही. मग प्रयोग शब्दावर विश्वास कसा ठेवायचा? – एक वाचक

उत्तर: ठेवण्यासारखी व्यवस्था असेल तरच ठेवा. रोमन कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेविषयीचा दस्तऐवज 4 डिसेंबर 1963 रोजी 2147 विरुद्ध 4 मतांनी मंजूर झाला. बदलाचे दार उघडणाऱ्या त्या दस्तऐवजाच्याच 23 व्या कलमात म्हटले आहे की मंडळीच्या हितासाठी खरोखर आणि निश्चित गरज असल्याशिवाय नवे काही आणू नये, आणि नवे रूप जुन्यातूनच उगवल्यासारखे असावे.

सुरुवातीलाच तीन गोष्टी लेखी मागा: प्रयोग संपण्याची तारीख, काय झाले तर तो फसला असे मानायचे, आणि त्या तारखेला ठराव झाला नाही तर जुनी पद्धत आपोआप परत येईल हे वाक्य. बारा रविवार पुरतात. त्याहून कमीत नवखेपणाचाच त्रास मोजला जातो. मधल्या काळात जुनी बाके विकणे, जुनी पुस्तके वाटून टाकणे, वेदी हलवून फरशी बसवणे यांतले काही होता कामा नये. सहाव्या आणि बाराव्या रविवारी निनावी चिठ्ठ्या घ्या, उपस्थितीची नोंद ठेवा, आणि मुलांचीही मते विचारा. बहुतेक मंडळ्या त्यांना विचारायचे विसरतात.