हंगाम दहा महिन्यांचा, हप्ते बारा

प्रश्न : आम्ही घरातले चौघेही एकाच फुटबॉल क्लबचे कट्टर चाहते. नव्या हंगामाच्या अधिकृत जर्सी घ्यायचं ठरवलंय. आम्हा नवरा-बायकोला खेळाडू घालतात तशा, दोन्ही मुलांना आवडत्या खेळाडूचं नाव-नंबर छापलेल्या. एकूण खर्च माझ्या महिन्याच्या पगाराच्या १५ टक्के होतोय, पण बारा बिनव्याजी हप्त्यांची सोय आहे. दरमहा पगारातले १० टक्के शिल्लक पडतात. अडीनडीसाठी दोन महिन्यांचा खर्च बाजूला आहे. भाऊ म्हणतो, डुप्लिकेट घे, कोणाला कळतंय. मला वाटतं, जुन्या जर्सींना पुढे चांगला भाव येतो. काय करू?

उत्तर : चार नको, दोनच घ्या, मुलांच्या. रोखीने घ्या. हप्त्यांवर एकही नको.

हप्त्यांचं आधी बोलू, कारण खरी अडचण तिथे आहे. फुटबॉलचा हंगाम साधारण दहा महिन्यांचा असतो आणि पुढच्या हंगामाची जर्सी बरेचदा चालू हंगाम संपायच्या आतच बाजारात येते. म्हणजे तुम्ही शेवटचे दोन-तीन हप्ते जुन्या जर्सीचे भरत असाल, तेव्हा मुलं नवी मागत असतील. मग त्याही हप्त्यांवर येतील. बिनव्याजी म्हटलं तरी प्रक्रिया शुल्क लागतं का आणि रोखीवर मिळणारी सवलत जाते का, हेही विचारून घ्या.

वर्षाच्या पगाराशी तुलना केली तर हा खर्च सव्वा टक्का, म्हणजे किरकोळ वाटतो. पण तुमच्या शिलकीशी तुलना करा: दीड महिन्याची बचत गेली. हे दरवर्षी केलंत तर दहा वर्षांत दीड महिन्याचा पगार. शिवाय बरेच क्लब एका हंगामात होम (घरच्या मैदानावरची), अवे (बाहेरच्या सामन्यांची) आणि थर्ड (तिसरी, पर्यायी) अशा तीन जर्सी काढतात. ज्या घराकडे दोनच महिन्यांची गंगाजळी आहे, त्याने आधी ती निदान तीन महिन्यांवर न्यावी, असं माझं ठाम मत आहे. हौसेला मोल नसतं हे मलाही मान्य आहे, म्हणून तर मुलांच्या जर्सींना मी नाही म्हणत नाही. आपल्या संघाचे रंग अंगावर असण्याचा आनंद खरा असतो.

जर्सी महाग का, हेही समजून घ्या. नुसत्या कापडाचे पैसे आपण देत नाही. क्लबचं चिन्ह वापरण्याचे हक्क कंपनी विकत घेते. आदिदासने मँचेस्टर युनायटेडशी २०१५पासून दहा वर्षांसाठी ७५ कोटी पौंडांचा करार केला आणि २०२३मध्ये तो आणखी दहा वर्षांसाठी ९० कोटींवर नेला. त्यावर दुकानदाराचा वाटा, जाहिरात, कर. आणि चढ्या किमतीमागे नेहमी खर्चच असतो असंही नाही. ब्रिटनमध्ये २००३ साली जर्सींच्या किमती संगनमताने ठरवल्याबद्दल दुकानं, उत्पादक आणि मँचेस्टर युनायटेडसह दहा जणांना मिळून १ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड ठोठावला गेला. उलट ब्रेंटफर्ड या इंग्लिश क्लबने चाहत्यांचा खर्च वाचावा म्हणून २०२१-२२ची होम जर्सी पुढच्या हंगामातही कायम ठेवली. तुमचा क्लब असं काही करतो का, ते आधी पाहा.

तुम्हा दोघांना हवी असलेली ‘प्लेअर’ आवृत्ती मला तुमच्यासाठी योग्य वाटत नाही. ती अंगाला घट्ट बसते, कापड हलकं असतं आणि चिन्ह बहुधा उष्णतेने चिकटवलेलं असतं. गरम पाण्यात धुतली, ड्रायरमध्ये टाकली की त्याच्या कडा सुटू लागतात. साध्या रेप्लिकावर, म्हणजे चाहत्यांसाठीच्या अधिकृत आवृत्तीवर, चिन्ह बरेचदा शिवलेलं असतं, माप सैल असतं आणि किंमत बरीच कमी. तुम्ही दोघांनी हंगाम संपत आल्यावर, सवलत लागली की रेप्लिकाच घ्या. मुलांना मात्र तोवर थांबवू नका. त्यांचं हे वय पुन्हा येणार नाही. माप एक नंबर मोठं घ्या.

नाव छापण्याबद्दल मुलांशी एकदा बोला. मेस्सी ऑगस्ट २०२१मध्ये बार्सिलोना सोडून पॅरिसला गेला. मेस्सीसुद्धा जाऊ शकतो, तर कोणीही जाऊ शकतो. खेळाडूऐवजी मुलाचं स्वतःचं नाव छापलं तर ते कधीच जुनं होत नाही.

आता भाव येण्याचं. मॅराडोनाची १९८६च्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यातली जर्सी २०२२मध्ये ७१ लाख पौंडांना गेली खरी, पण ती त्याने मैदानावर घातलेली होती. इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजला ती सामन्यानंतर अदलाबदलीत मिळाली होती. तुमची जर्सी कारखान्यातून हजारोंनी निघते आणि मुलं ती घालून खेळणार आहेत. तिला गुंतवणूक म्हणू नका.

भावाचा सल्लाही ऐकू नका. डुप्लिकेट घेण्यापेक्षा मागच्या हंगामाची किंवा वापरलेली अस्सल जर्सी घ्या. घेताना आतल्या लेबलवरचा उत्पादन क्रमांक इंटरनेटवर शोधा. नकली जर्सीवर बरेचदा भलत्याच वस्तूचा क्रमांक असतो.

ऑर्डर आधीच नोंदवली असेल तर ती आजच रद्द करा. एकदा नाव छापलं की दुकानं सहसा जर्सी परत घेत नाहीत.