आधी ओबरकोखेन बघून ये

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल मिळाला. श्टुटगार्टचा प्रवेश हातात आहे आणि घरात मात्र सगळे म्हणताहेत, जर्मनीचं आता काही खरं नाही. त्यांची काळजी उगाच नाही. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं तिथली अर्थव्यवस्था आक्रसली. फोक्सवॅगनने कामगार संघटनेशी बोलणी करून २०३० पर्यंत ३५,००० हून अधिक नोकऱ्या कमी करायचं ठरवलं. चाकणला त्यांचाच कारखाना, त्यामुळे इथेही या गोष्टीची चर्चा झाली. तरी जावं की नाही हे ठरवण्याआधी एका गावाबद्दल ऐक.

जर्मनी म्हटलं की आपल्याला चार गाड्यांची नावं आठवतात. मला ओबरकोखेन आठवतं. जेमतेम आठ हजार वस्तीचं गाव, श्टुटगार्टच्या पूर्वेला. जगातल्या सर्वात प्रगत चिप ज्या यंत्रावर छापतात ते यंत्र नेदरलँड्सची एएसएमएल बनवते, पण त्यातले आरसे ओबरकोखेनला झाइसच्या कारखान्यात तयार होतात. असा एक आरसा जर्मनीएवढा मोठा केला, तर त्यावरचा सर्वात मोठा उंचवटा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असेल, असं झाइसचे लोक सांगतात. त्याच यंत्रातला लेझर श्टुटगार्टला खेटून असलेल्या डिट्झिंगेनच्या ट्रुम्फचा. झाइस मूळची पूर्व जर्मनीतल्या जेनाची. १९४५ मध्ये जेना सोव्हिएत ताब्यात जायच्या आधी अमेरिकनांनी तिथले निवडक तज्ज्ञ पश्चिमेकडे हलवले, आणि त्यातून या आडगावात नवी झाइस उभी राहिली. यंत्रं मागे राहिली तरी चाललं, माणसं आली म्हणून कारखाना झाला. त्या देशाबद्दल मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच.

अशी गावं तिथे जागोजाग आहेत. टुटलिंगेनला शस्त्रक्रियेची हत्यारं, झोलिंगेनला चाकू-कात्र्या. एकच वस्तू पिढ्यान् पिढ्या करायची आणि जगभर विकायची. या लहान-मध्यम उद्योगांना ते ‘मिटेलश्टांड’ म्हणतात, आणि देशातले निम्म्याहून जास्त नोकरदार त्यांच्याकडे आहेत.

भोसरीत आमच्या शॉपवर एकदा ग्राइंडिंग मशीन बसवायला जर्मन फिटर आला होता. दोन दिवस तो नुसता पाया आणि लेव्हल तपासत राहिला. मालकांचा जीव वर-खाली. मी त्याला शिक्षण विचारलं. म्हणाला, सोळाव्या वर्षी कारखान्यात लागलो, आठवड्यातून एक-दोन दिवस शाळा, बाकी दिवस कामावर, साडेतीन वर्षांनी उद्योग मंडळाची परीक्षा. हीच ती ‘आउसबिल्डुंग’. तिथे सव्वातीनशेच्या आसपास व्यवसाय असे शिकवले जातात. मशीन लागल्यावर पहिल्याच जॉबचं माप बरोबर आलं. आपल्याकडे आयटीआयच्या पोराला तो मान नाही, याचं मला तेव्हा वाईट वाटलं आणि आजही वाटतं.

आता दुखणं कुठे आहे ते सांगतो. २०२२ च्या आधी जर्मनीचा निम्म्याहून अधिक आयात गॅस रशियातून यायचा. ऱ्हाइनकाठच्या लुडविग्जहाफेनला बीएएसएफचा प्रचंड रासायनिक कारखाना आहे. तिथे गॅस जाळायलाही लागतो आणि कच्चा माल म्हणूनही. गॅस महागला आणि २०२३ मध्ये तिथलं एक अमोनिया युनिट बंद करायचं ठरलं. २०१८ मध्ये ऱ्हाइनचं पाणी आटलं, तेव्हा मालाचे तराफे अडकून उत्पादन कमी करावं लागलं होतं. मग कंपनीने उथळ पाण्यात चालणारं खास जहाज बांधून घेतलं. दुसरं दुखणं चीनचं. ज्या चीनला यंत्रं आणि गाड्या विकून बरकत आली, तो आता दोन्ही स्वतः बनवतो. याची झळ लहान गावांनाही आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सचे सुटे भाग करणारे पुरवठादार विजेच्या गाड्यांमुळे हवालदिल झालेत. म्हणून मिटेलश्टांड म्हणजे सुरक्षित, असं समजू नकोस.

माझं मत विचारशील तर जा. पण डिझेल इंजिनाशी बांधलेला विषय घेऊ नकोस. मोजमाप, ऑप्टिक्स, मशीन टूल्स, वैद्यकीय उपकरणं, नाहीतर उत्तरेचा वारा दक्षिणेच्या कारखान्यांपर्यंत पोचवणाऱ्या वीजवाहिन्या, यांपैकी कशात मन रमतं ते बघ. इंटर्नशिप मोठ्या नावाकडे मिळाली नाही तर खट्टू होऊ नकोस. शंभर माणसांच्या कारखान्यात तुला ड्रॉइंगपासून तपासणीपर्यंत सगळं हाताखालून घालता येईल.

आणि भाषा. वर्ग इंग्रजीत असतील, शॉप फ्लोअर नसतो. त्यात त्या भागातले जुने कामगार श्वेबिश बोलीत बोलतात, पुस्तकी जर्मन शिकलेल्यालाही ती पहिले काही महिने कळत नाही. विमानात बसायच्या आधी जर्मनची बी-वन ही मधली पातळी हवीच, पण तिथे थांबू नकोस. मिस्त्री मशीनवर वाकून जे पुटपुटतो ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसतं.

सामान लागलं की पहिल्या मोकळ्या शनिवारी आगगाडीने ओबरकोखेनला जा. तिथून एक पोस्टकार्ड टाक, फोटो नको. गाव कसं दिसतं, कारखान्याच्या फाटकातून सकाळी कोण कोण आत जातं, एवढंच लिही.

तुझा,
काका