1976 ची स्ट्रॅटोकास्टर घ्यावी, पण लोन काढून घ्यावी का?

नमस्कार,

तुमचा मेल दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की आकडे तुम्ही व्यवस्थित दिलेत पण मनात ठरवून टाकलंय, फक्त कोणीतरी हो म्हणावं असं वाटतंय. मी पूर्ण हो म्हणणार नाहीये, पण नाही पण म्हणणार नाहीये.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. वय 34, पुण्यात आयटीत नोकरी, हातात महिन्याला 95,000 येतात, घराचा हप्ता धरून खर्च 65,000, एसआयपी 12,000, मुलगी चार वर्षांची, इमर्जन्सी फंड साडेतीन लाख. शनिवार-रविवार बँडमध्ये वाजवता. अमेरिकेतला चुलत भाऊ डिसेंबरात येतोय, त्याच्या ओळखीत एकाकडे 1976 ची फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार आहे, सनबर्स्ट रंग, रोजवूडचा फिंगरबोर्ड (बोटं दाबायची पट्टी), ती ड्युटी वगैरे धरून सव्वातीन लाखांना पडेल. गाठीला सव्वा लाख आहेत, उरलेल्या दोन लाखांचं पर्सनल लोन 13 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी, आणि लोन लवकर फिटावं म्हणून एसआयपी वर्षभर बंद. आणि शेवटचं वाक्य, "विंटेज गिटारचा भाव कधी पडत नाही, म्हणजे ही इन्व्हेस्टमेंटच झाली ना?"

नाही झाली. लोन काढू नका, एसआयपी थांबवू नका, आणि ही गिटार न बघता तर अजिबात घेऊ नका. आता का ते सांगतो, आणि जरा लांबण लागेल कारण हा विषय माझ्याही जिव्हाळ्याचा आहे.

स्ट्रॅटचं, म्हणजे स्ट्रॅटोकास्टरचं, वेड मला कळतं. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लिओ फेंडरने 1954 मध्ये ही गिटार आणली, आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, त्यामुळे तो वाजवणाऱ्यांना विचारत राहिला की काय टोचतं, काय अडतं, आणि त्यातून ते कडा तासलेलं, पोटाला न रुतणारं शरीर तयार झालं. नेक, म्हणजे गिटारीची मान, चिकटवलेली नाही, स्क्रूने बसवलेली, म्हणजे बिघडली तर काढा आणि दुसरी लावा, हा सरळ रेडिओ मेकॅनिकचा विचार. तीन पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग), पण कोणता पिकअप वाजेल ते ठरवणारा स्विच मात्र तीनच जागांचा होता, तर लोकांनी तो दोन जागांच्या मधे अडकवून ठेवायला सुरुवात केली कारण तिथे एक वेगळाच पोकळ, घंटेसारखा आवाज येतो, आणि कंपनीने पाच जागांचा स्विच द्यायला 1977 उजाडलं. म्हणजे तुम्ही बघताय त्या 1976 च्या गिटारीत तो मूळचा नसणार! असेल तर कोणीतरी नंतर बदललाय, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता क्वालिटीचा वाद, कारण तुमच्या पैशाचा निम्मा प्रश्न इथेच आहे. जानेवारी 1965 मध्ये सीबीएस या ब्रॉडकास्टिंग कंपनीने फेंडर 1 कोटी 30 लाख डॉलरला विकत घेतली, आणि तेव्हापासून गिटारवाल्यांच्या जगात दोन काळ पडले, सीबीएसच्या आधीचा आणि नंतरचा. उत्पादन वाढलं, हेडस्टॉक (नेकच्या टोकाचा, तारा गुंडाळायचा भाग) मोठा झाला, 1971 च्या सुमाराला नेकचे चार स्क्रू जाऊन तीन आले, फिनिश जाड प्लास्टिकसारखं झालं, सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच गिटारी वजनाला जड आहेत आणि काहींची नेक खाचेत सैल बसते, बाजूला ढकलली की हलते. म्हणून सत्तरच्या दशकातल्या म्हटलं की पुष्कळ जण नाक मुरडतात. पण मग हेही आहे की जिमी हेंड्रिक्सने 1969 मध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात वाजवलेली पांढरी स्ट्रॅट ही सीबीएसच्याच काळातली होती, आणि यंग्वी माल्मस्टीनसारखा नावाजलेला गिटारवादक सत्तरच्या सुरुवातीच्या मोठ्या हेडस्टॉकच्या स्ट्रॅटच धरून बसलाय. म्हणजे त्या काळातली प्रत्येक गिटार वाईट नाही, पण दोन गिटारींमधला फरक खूप मोठा आहे, एक अप्रतिम निघते आणि शेजारची ओंडका. अशी वस्तू फोटो बघून घ्यायची नसते. तुमचा चुलत भाऊ वाजवत नाही हे तुम्हीच लिहिलंय, मग ती हातात घेऊन कोण सांगणार कशी आहे ते?

लाकडामुळे आवाज येतो की पिकअपमुळे या वादात मी पडणार नाही, तो संपायचा नाही. फक्त एक गंमत वाटते म्हणून सांगतो, फेंडरने साठच्या दशकाच्या मध्यानंतर फिंगरबोर्डला ब्राझीलच्या रोजवूडऐवजी भारतीय रोजवूड वापरायला सुरुवात केली, म्हणजे आपलं शिसवी. त्यामुळे तुमच्या गिटारीवर बहुतेक इथल्याच जंगलातलं लाकूड असेल. ब्राझीलचं असतं तर देशाबाहेर न्यायला परवाना लागला असता, ते 1992 पासून कडक संरक्षणाखाली आहे.

आता इन्व्हेस्टमेंट. 1954 मध्ये नवी स्ट्रॅट ट्रेमोलोसकट (सूर हलवायचा दांडा) 249.50 डॉलरला होती. समजा कोणी ती सत्तर वर्षं जपली, एक स्क्रू बदलला नाही, आणि आज 50,000 डॉलरला विकली. दोनशे पट! ऐकायला केवढं वाटतं, पण कॅल्क्युलेटरवर टाका, वर्षाला साधारण 8 टक्के पण होत नाहीत. आणि हे पहिल्या वर्षीच्या गिटारीचं, ज्या मोजक्याच उरल्यात. त्यात विमा नाही धरला, दुरुस्ती नाही, विकताना दुकानदार कापून घेतो ते नाही, आणि ज्या गिटारी मोडल्या, चोरीला गेल्या, पुन्हा रंगवल्या गेल्या त्यांचा तर हिशेबच नाही कारण त्या कोणी मिरवत नाही. 1976 ची गिटार त्या रांगेतली नाही, त्या सुमाराला फेंडर भरपूर माल काढत होती, त्यामुळे ती दुर्मिळ म्हणता येणार नाही. भाव पडत नाही म्हणता, तर 2008 च्या मंदीत विंटेज गिटारचे भाव चांगलेच घसरले होते, ज्यांनी त्याआधीच्या तेजीत घेतल्या त्यांना बरीच वर्षं थांबावं लागलं.

तुम्ही पिंक फ्लॉइड बँडच्या डेव्हिड गिलमोरच्या काळ्या स्ट्रॅटचं उदाहरण दिलंय, 2019 च्या लिलावात ती 39 लाख 75 हजार डॉलरला गेली. खरंय. पण तिथे लोकांनी गिलमोरच्या हातांचे पैसे दिले, गिटारीचे नाही, आणि तुमच्या-माझ्या हातांनी वाजवून भाव वाढत नाही, उलट फ्रेट (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या पट्ट्या) झिजून कमी होतो.

आणि विकणार कोणाला, हा प्रश्न तर सगळ्यात मोठा. अमेरिकेत या गिटारीला गिऱ्हाईक आहे, दुकानं आहेत, जाणकार आहेत. पुण्या-मुंबईत 1976 ची स्ट्रॅट सव्वातीन लाखांना घेणारी माणसं किती? आणि तुम्हाला पैसे हवे असतील त्याच आठवड्यात त्यातल्या एकाकडे पैसे हवेत. मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्याकडे एक चांगली इलेक्ट्रिक होती, पाच वर्षं पैसे साठवून घेतलेली, 2009 मध्ये बाबांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं आणि माझ्याकडे इमर्जन्सी फंड नावाची गोष्ट नव्हती, तेव्हा ती एका दुपारी विकली, घेतली त्याच्या एक तृतीयांश भावात, समोरच्याला माझी घाई दिसत होती. बाबा बरे झाले. पण गिटार गेल्याचं दुःख मला अजून होतं आणि म्हणूनच मी तुम्हाला ती घेऊ नका असं कधीच म्हणणार नाही, मला फक्त ती तुमच्याकडे राहावी असं वाटतं. हप्ते डोक्यावर असताना पहिली विकली जाते ती हीच वस्तू.

टॅक्सचं विचारलंत ते पटकन सांगतो, स्वतःच्या वापरातली जंगम वस्तू ही सहसा कॅपिटल अ‍ॅसेट धरत नाहीत, म्हणून वाजवायची गिटार कधी फायद्यात विकली तर कॅपिटल गेनचा प्रश्न येत नाही, पण घेऊन-विकून धंदाच करायला लागलात तर गोष्ट वेगळी. आणि तोट्यात विकली तर तो तोटाही कुठे दाखवता येत नाही.

लोनचा हिशेब. दोन लाख, 13 टक्के, 36 महिने, हप्ता साधारण 6,740 रुपये. एकूण भरणार 2,42,600, म्हणजे व्याजच साडेबेचाळीस हजारांच्या वर, प्रोसेसिंग फी वेगळी. लवकर फेडलं तर व्याज कमी होईल हे मान्य, पण ते फेडायला तुम्ही एसआयपी बंद करताय, आणि खरी किंमत तिथे आहे. वर्षाचे 1,44,000 गुंतवले नाहीत. मुलगी 19 वर्षांची होईल तोपर्यंत, 11 टक्के धरले तर, तेच पैसे साडेसहा लाखांच्या आसपास होतात. 11 टक्के मिळतीलच अशी गॅरंटी मी देत नाही, कोणीच देऊ नये, पण 9 धरा, 10 धरा, तरी ती गिटार तुम्हाला सव्वातीन लाखांना पडत नाहीये हे दिसतंय.

इमर्जन्सी फंड साडेतीन लाख आहे, सहा महिन्यांचा खर्च 3,90,000 होतो, म्हणजे तो आधीच थोडा कमी आहे. त्याला हात लावायचा विचारही नको.

अजून एक, आणि हे मी पैशाइतकंच मनापासून सांगतोय. मेलमध्ये एका कोपऱ्यात लिहिलंय की बायकोला अजून सांगितलेलं नाही, आल्यावर सांगेन. असं करू नका हो. घराचा हप्ता दोघांच्या आयुष्यावर आहे, लोनही दोघांवरच येणार. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांमध्ये रकमेवरून भांडणं कमी होतात, लपवण्यावरून जास्त होतात. तिला आज बसवून सांगा की मला ही गिटार का हवीय, ती पाच जागांच्या स्विचची गोष्ट पण सांगा, तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा जास्त समजून घेईल. आणि तिच्याही मनात असं काहीतरी असेल जे तिने पुढे ढकललंय, ते विचारा.

मग करायचं काय? तुम्ही दुकानात दोन नव्या स्ट्रॅट बघून आलाय, मेक्सिकोत बनलेली 95,000 ला आणि अमेरिकेत बनलेली 2,10,000 ला. सव्वा लाख हातात आहेतच, म्हणजे मेक्सिकोवाली तुम्ही उद्या घेऊ शकता, एक पैसा उसना न घेता, आणि उरलेल्या तीस हजारांत चांगला सेटअप, एक मजबूत केस, बाकीचे इमर्जन्सी फंडात. माझं मत विचाराल तर हेच करा. पण आधी दोन्ही गिटारी एकाच अँपवर, एकाच आवाजात, तासभर वाजवा, शक्य झालं तर हेडस्टॉककडे न बघता, आणि सोबत बँडमधला कोणी घेऊन जा ज्याच्या कानावर तुमचा विश्वास आहे. आता बनणाऱ्या गिटारींची फिटिंग एकसारखी असते, सत्तरच्या दशकासारखी लॉटरी नसते. जाता जाता, 1954 चे ते 249.50 डॉलर महागाई धरून आजचे जवळपास 3,000 डॉलर होतात, म्हणजे नवी स्ट्रॅट तेव्हापेक्षा आज स्वस्त आहे.

हात म्हणाले की अमेरिकनच हवी, तर महिन्याला खर्च आणि एसआयपी जाऊन तुमच्याकडे 18,000 उरतात, त्यातले 8,000 रिकरिंगला टाका. वर्षात 96,000 होतील, सव्वा लाखात मिळवले की 2,21,000, झाली गिटार, व्याज वेगळं. आणि मन 1976 वरच अडलं असेल, कारण काही वेळा माणसाला ती जुनी घासलेली वस्तूच हवी असते आणि त्यात चूक काही नाही, तर दोन लाख जमवायला त्याच 8,000 ने पंचवीस महिने लागतात. सत्तरच्या दशकातल्या स्ट्रॅट तेव्हाही मिळतील. तेव्हा ती खर्च म्हणून घ्या, इन्व्हेस्टमेंट म्हणून नाही, म्हणजे वाजवताना ओरखड्याची भीती वाटणार नाही.

घेतली कोणतीही, घराच्या विम्यात ती वेगळी नोंदवता येते का ते विचारा, आणि पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

चुलत भावाला आज रात्री उत्तर द्यायचंय म्हणालात. त्याला लिहा की टोकन देऊ नको, आधी त्या माणसाकडून तीन फोटो माग. नेक काढून तिच्या टाचेचा, पिकगार्ड (पुढची प्लास्टिकची पट्टी) उघडून आतल्या पॉटवरच्या, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या भागावरच्या, नंबरांचा, आणि हेडस्टॉकचा. पॉटवर 137 ने सुरू होणारा आकडा असेल तर ते सीटीएस कंपनीचं, त्यानंतरचे दोन आकडे वर्ष आणि शेवटचे दोन आठवडा, म्हणजे 1377633 असेल तर 1976 चा तेहतिसावा आठवडा. सिरियल नंबर 1976 च्या सुमारालाच नेक प्लेटवरून (मागची, नेकच्या स्क्रूची पट्टी) हेडस्टॉकवर आला, तो कुठे आहे ते बघा. रंग मूळचा आहे का हे स्पष्ट विचारा, कारण पुन्हा रंगवलेल्या गिटारीला बाजारात निम्माच भाव धरतात. माणूस आतले फोटो द्यायला कुरकुर करायला लागला तर तुमचा निर्णय तिथेच सोपा होईल. फोटो आले तर मला पाठवा, मी एका गिटार दुरुस्त करणाऱ्या मित्राला दाखवतो, त्याची फी नाही.