ढोल कुणाचे? सीआयसी काढायच्या आधी हे ठरवा

प्रश्न थोडक्यात सांगते. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या एक ताई आणि त्यांची मैत्रीण चार वर्षं शनिवारची मराठी शाळा आणि ढोल-ताशा पथक चालवतायत. पुण्याहून १६ ढोल आणि ५ ताशे मागवले, जहाजाच्या भाड्यासकट साधारण ६,५०० पाउंड झाले, ते सगळे ताईंच्या कार्डावरून गेले. मुलांची फी मात्र मैत्रिणीच्या खात्यात जमते. आता काउन्सिल ग्रँट द्यायला तयार आहे पण खातं संस्थेच्या नावाचं हवं, म्हणून मैत्रीण म्हणते कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी (सीआयसी, म्हणजे समाजाच्या भल्यासाठी चालवायची कंपनी) काढू, डायरेक्टर मी, माझा नवरा आणि तू. ताई विचारतायत, माझे पैसे गेले का, आणि उद्या मलाच बाहेर काढलं तर?

ताई, दोन्ही शंका रास्त आहेत, आणि दोन्हींचा बंदोबस्त कंपनी रजिस्टर व्हायच्या आधीच करायचा असतो.

आधी पैशांचं. सीआयसी हा प्रकार इथे २००४ च्या कायद्याने आला आणि २००५ पासून सुरू झाला, आणि त्याचा जीव आहे असेट लॉकमध्ये. कंपनीच्या मालकीची झालेली वस्तू कुणा मेंबरला किंवा डायरेक्टरला फुकट किंवा स्वस्तात देता येत नाही, आणि कंपनी बंद झाली की उरलेलं सगळं अशाच कुलूप असलेल्या दुसऱ्या संस्थेकडे, म्हणजे दुसऱ्या सीआयसीकडे नाहीतर चॅरिटीकडे जातं. म्हणजे ढोल नुसते "संस्थेचे" म्हणून देऊन टाकलेत तर ते गेले, भांडण झालं म्हणून परत मागता येणार नाहीत. पण कर्ज हे कुलुपात येत नाही! कंपनीने तुमचं देणं फेडलं तर त्यात काही गैर नाही, व्याजसुद्धा बाजारात चालतं तेवढं घेता येतं.

तेव्हा माझा सल्ला असा की आजच मैत्रिणीला साधा ईमेल टाका, ढोल-ताशे माझे आहेत, ही यादी, ही बिलं, शाळा ते वापरते, आणि तिच्याकडून "हो बरोबर" एवढं उत्तर घ्या. मग कंपनी झाली की आजच्या किमतीला ढोल कंपनीला विका आणि ती रक्कम कर्ज म्हणून ठेवा. करार कंपनी व्हायच्या आधी तिच्या नावाने करू नका, कारण तेव्हा कंपनी जन्मलेलीच नसते आणि ज्याने सही केली तोच त्यात अडकतो. पहिल्या बोर्ड मीटिंगमध्ये तुमचा यात हितसंबंध आहे हे सांगा आणि मिनिट्समध्ये लिहून घ्या. आणखी एक, डायरेक्टरकडून ५,००० पाउंडांच्या वरची वस्तू घ्यायची आणि ती कंपनीच्या मालमत्तेच्या १० टक्क्यांहून मोठी असेल, तर मेंबरांचा ठराव लागतो. चार वर्षं गणपतीत बडवलेल्या ढोलांची किंमत कदाचित तेवढी भरणारही नाही, पण ठराव करूनच टाका, एका पानाचं काम आहे.

आता दुसरं, आणि खरी मेख इथेच आहे. सीआयसींवर देखरेख करणाऱ्या सरकारी रेग्युलेटरने कंपनीच्या घटनेचे (आर्टिकल्सचे) तयार नमुने दिलेत, त्यात एक छोट्या मेंबरशिपचा आणि एक मोठ्या मेंबरशिपचा. छोट्यात जे डायरेक्टर तेच मेंबर, तिसरं कुणी नाही. म्हणजे नवरा-बायकोची दोन मतं आणि तुमचं एक. डायरेक्टरला काढायला मेंबरांचं साधं बहुमत पुरतं, २८ दिवसांची नोटीस आणि तुमचं म्हणणं मांडायची संधी एवढाच काय तो तुमच्या हातात उरतो. मैत्रीण वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, पण माणसं भांडतात ती पैसे आल्यावरच, आणि ग्रँट म्हणजे पैसे आलेच.

म्हणून मोठ्या मेंबरशिपचा नमुना घ्या, शाळेतल्या पालकांना मेंबर करा, गॅरंटीच्या, म्हणजे शेअर्सऐवजी मेंबरांच्या हमीवर चालणाऱ्या कंपनीत प्रत्येकाची जबाबदारी सहसा १ पाउंड असते त्यामुळे कुणी घाबरायचं कारण नाही. डायरेक्टर पाच ठेवा, एका घरातून एकच, हे आर्टिकल्समध्ये लिहून घ्या. बँकेत दोन सह्या, वेगवेगळ्या घरांतल्या. "आपल्यात कसलं आलंय लिहून घेणं" असं कुणी म्हणालं तर तिथे तर नक्कीच लिहून घ्या.

शेअर्सवाल्या सीआयसीच्या भानगडीत पडू नका, डिव्हिडंड देता येतो पण वाटण्याजोग्या नफ्याच्या ३५ टक्क्यांपर्यंतच, आणि शाळेत कसला नफा.

मैत्रिणीला मुख्याध्यापिका म्हणून पगार हवाय असंही तुम्ही लिहिलंय. सीआयसीत डायरेक्टरला वाजवी पगार चालतो, चॅरिटीत ट्रस्टीला ते इतकं सोपं नाही, आणि मला वाटतं ती सीआयसीच म्हणतेय त्याचं कारणही हेच असावं. असू दे की, शिकवते तर घेऊ दे. फक्त आकडा बाकीच्या डायरेक्टरांनी ठरवायचा, ती, आणि नवरा डायरेक्टर असलाच तर तोही, त्या मतदानात नकोत, आणि दरवर्षी सीआयसी ३४ नावाच्या रिपोर्टात तो जाहीर होतो, कुठलाही पालक ऑनलाइन वाचू शकतो. चॅरिटी नसल्यामुळे गिफ्ट एड, म्हणजे देणगीवर सरकारकडून परत मिळणारा कर, मिळणार नाही, पण मुलांची फी म्हणजे देणगी नव्हेच, तिच्यावर ते तसंही मिळालं नसतं. कुणी व्हिसावर असेल तर पगार सुरू करण्याआधी इमिग्रेशनवाल्याला विचारा, तो माझा विषय नाही.

आणि उद्या बिनसलं तर रेग्युलेटर येऊन भांडण सोडवेल या भरवशावर राहू नका, ते डायरेक्टरांच्या आपापसातल्या वादात सहसा पडत नाहीत.

कंपनी रजिस्टर करताना द्यायच्या सीआयसी ३६ फॉर्मवर सगळ्या पहिल्या डायरेक्टरांच्या सह्या लागतात. तुमचीही. तेव्हा आर्टिकल्सचा मसुदा हातात पडून वाचून होईपर्यंत सही करू नका, आणि मैत्रिणीच्या खात्यातली चार वर्षांची फी किती आली, कुठे गेली, त्याचा हिशोबही त्याच बैठकीत मागा.