बाबांच्या ताटातली भाकरी

जुळे सोलापूर येथील एका भगिनीच्या पत्राचा सारांश असा:

"माझ्या ११ वर्षांच्या मुलाचे वजन ५४ किलो असून, ते आटोक्यात आणा असे डॉक्टरांनी बजावले आहे. मी दिवसभर कामावर असते. सासूबाई त्याला तुपात भिजलेली पोळी, लाडू, दुपारी चहासोबत खारी-बटर देतात आणि उंची वाढली की अंग आपोआप झडेल, असे म्हणतात. मिस्टरांना दोन वर्षांपूर्वी, चाळिशीच्या आतच, स्टेंट बसवला आहे, त्यामुळे त्यांचा पथ्याचा स्वयंपाक मी वेगळा करते. मुलगा कधी कधी त्यांच्या ताटातली भाकरी मागतो, पण लहान मुलाला पथ्य कशाला, म्हणून मी देत नाही. सासूबाईंना कसे समजवावे?"

ताई,

तुमच्या चार पानी पत्रातली साडेतीन पाने सासूबाईंवर खर्ची पडली आहेत. मी मात्र त्या भाकरीच्या वाक्यापाशी अडकले. मुलगा स्वतःहून भाकरी मागतो आणि त्याला नाही म्हणणाऱ्या तुम्ही आहात, सासूबाई नव्हेत. ज्या जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, तिथे ज्वारीची भाकरी आजाऱ्याचे अन्न कधीपासून झाली, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

तुमच्या घरात दोन स्वयंपाक होतात. एक ज्याचे हृदय दुखावले आहे त्याच्यासाठी आणि दुसरा, ज्याचे अजून दुखावलेले नाही त्याच्यासाठी. हा दुसरा स्वयंपाक पहिल्याची गरज निर्माण करतो, हे तुमच्या ध्यानात कसे आले नाही? तुमचे यजमान ११ वर्षांचे असताना त्यांच्या ताटात काय वाढले जात असे, ते सासूबाईंना एकदा विचाराच. स्टेंट ही अरुंद झालेल्या धमनीत एका ठिकाणी बसवलेली जाळी असते. धमनी अरुंद होण्याची क्रिया मात्र त्याच्या कितीतरी वर्षे आधी सुरू झालेली असते. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा सरासरी २२ वर्षांच्या त्या तरुणांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक जणांच्या हृदयाच्या धमन्यांमध्ये विकृतीच्या खुणा आढळल्या होत्या. पुढे लुईझियानातल्या बोगालुसा या गावी १९७३ पासून मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला. त्यातून असे दिसले की धमन्यांच्या आतल्या बाजूस चरबीचे पट्टे लहानपणीच उमटू लागतात, आणि वजन, रक्तदाब व कोलेस्टेरॉल जितके अधिक, तितके ते अधिक पसरलेले असतात.

सासूबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे. वाढत्या वयात मुलाला उपाशी ठेवायचे नसते. वजन आहे तिथे थोपवून धरले आणि उंची वाढत राहिली, तर अंग खरोखरच सडसडीत होते. परंतु खारी-बटर आणि लाडू चालू असताना ते "आपोआप" होत नाही. (तुम्ही वजन लिहिले, उंची लिहिली नाही. उंचीवाचून मुलाच्या वजनाला फारसा अर्थ नसतो.) आणि झालेले नुकसान भरून येत नाही, असेही समजू नका: २०११ साली बोगालुसासह चार दीर्घकालीन अभ्यासांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा लहानपणी जाड असलेली पण मोठेपणी तशी न राहिलेली माणसे मधुमेह, रक्तदाब यांच्या धोक्याबाबत जवळजवळ कधीच जाड नसलेल्या माणसांइतकीच सुरक्षित दिसली.

म्हणून सासूबाईंना समजावण्याचा नाद तूर्त सोडा. उद्यापासून घरात एकच स्वयंपाक करा, आणि तो यजमानांचा. भाकरी, वरण, अंबाडी किंवा चुक्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. शेंगाचटणी चमचाभर, कारण तिच्यात मीठही असते. सासूबाईंच्या ताटातही तेच वाढा. जे जेवण मुलाच्या वडिलांचा जीव जपण्यासाठी आहे, त्याला त्या माउली नाही म्हणतील, असे मला वाटत नाही. "पथ्य" हा शब्द मात्र घरातून हद्दपार करा, कारण तुमच्या मुलाने त्यातून एवढेच शिकून घेतले आहे की बाबांचे जेवण ही शिक्षा आहे. तरीही तो ती भाकरी मागतो, याचे मला फार कौतुक वाटते.

आणखी एक काम या आठवड्यातच करा. वडिलांना वयाच्या ५५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर मुलाचे कोलेस्टेरॉल लहानपणीच तपासावे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. मुलाला घेऊन डॉक्टरांकडे जा आणि वडिलांच्या स्टेंटची हकिकत त्यांना सांगा; ती तुम्ही सांगितली होती, असे पत्रावरून दिसत नाही.

लाडवांविषयी नंतर बोलू. दोन महिन्यांनी पुन्हा लिहा, आणि त्या पत्रात मुलाची उंची कळवा.